तीन पितळी पाय

आमच्या घराला पुढली खोली होती, पण ती आमची नव्हती, अप्पांची होती. तंजावूरच्या राजवाड्याच्या मागल्या अंगाला एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वीणा करणारी घरं, आणि त्यांच्यामध्ये अडकलेले आम्ही मायक्रोस्कोपवाले. सकाळी सहाला शेजारी फणसाच्या लाकडावर पटाशी सुरू व्हायची, सातला अप्पांची कानस, आणि मधल्या वेळात आई कापीचा फिल्टर ओट्यावर ठोकायची. एवढे आवाज होऊनही मी उठले नाही तर मग अप्पांचा आवाज व्हायचा, आणि तो गल्लीत कोणालाच नको असे. कॉलेजांचे मायक्रोस्कोप, दवाखान्यांचे तराजू, शाळांचे व्होल्टमीटर, अधूनमधून एखादा घसा बसलेला रेडिओ, असं सगळं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. पाहुणे आले की त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवायचं, कारण पुढे टेकायला गेले तर कोणाच्या तरी भिंगावर टेकतील. आईला या व्यवस्थेची लाज वाटायची आणि अप्पांना अजिबात वाटायची नाही, त्यामुळे ती बदलली नाही.

स्पेसर, पिलर, स्टँडऑफ ही नावं मला फार पुढे कळली. आमच्या घरी त्यांना नुसतं पाय म्हणत. यंत्राच्या डब्यात सर्किटची पट्टी बसवायची असेल तर ती तळाला टेकून चालत नाही. पत्र्याला लागली की करंट भलतीकडे जातो आणि सगळं जळतं. म्हणून खाली चार कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढे खांब उभे करायचे आणि पट्टी त्यांच्यावर स्क्रूनं आवळायची. आईला हे फार लवकर पटलं होतं. ती म्हणायची, "माणूस जेवायला पाटावर बसतो, मग तुमच्या पट्टीनं काय पाप केलंय?" अप्पांनी तिला शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, पण तिच्या पाटापेक्षा सोपं त्यांनाही सांगता आलं नाही, म्हणून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते पुढे पाटाचंच उदाहरण देऊ लागले, आणि ते आपलंच आहे असं भासवू लागले.

पाय निवडायला अप्पा जेवढा वेळ लावत तेवढा आमच्या नातेवाइकांनी जावई निवडायलाही लावला नसेल. आधी ते वस्तू तळहातावर तोलत. मग विचारत, गरम काय होणार आहे? करंट कुठून जाणार आहे? डबा पुन्हापुन्हा उघडायचा आहे, की एकदा बंद केला की बंद? जिथं पत्र्याशी जोडणी हवी तिथं पितळ. जिथं करंटनं ओलांडू नये तिथं एबोनाइटचा काळा पाय. पण एबोनाइट उष्णतेनं वाकतं, म्हणून दिव्याजवळ चिनी मातीचे मणी. उंच पाय दिसतात झोकदार, पण मग झाकण बसत नाही आणि गिऱ्हाईक झाकण हातात घेऊन परत येतं. सगळ्यात मोठं दुखणं आट्यांचं. जुन्या विलायती यंत्रांचे आटे वेगळे, नव्या मिलिमीटरवाल्यांचे वेगळे, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसणारे. चुकीचा स्क्रू दोन फेरे अगदी प्रेमानं आत जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथं जोर केला की आटे गेले, आणि माझ्या पाठीत धपाटा आला.

हे सगळे पाय औषधांच्या जुन्या बाटल्यांत आणि बिस्किटांच्या डब्यांत ठेवलेले असत, आणि प्रत्येकावर अप्पांनी देवनागरीत चिठ्ठी लावलेली. आमच्या तंजावुरी मराठी लोकांत बहुतेक घरांत मराठी फक्त बोलण्यापुरतीच उरली होती, लिहायचं तर तमिळ नाहीतर इंग्रजी. अप्पा मात्र मुद्दाम देवनागरीत लिहीत, म्हणजे दुकानात आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकला काही कळू नये. मी देवनागरी शिकले ती या चिठ्ठ्यांवरून. आयुष्यात पहिलं वाक्य मी वाचलं ते 'पितळ, आखूड, आटे जुने'. आज हे लिहितेय ते त्याच अक्षरांत. माझ्या भाचीला यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. तिला समोर बसवून वाचून दाखवावं लागेल, आणि दुसऱ्या पानावर ती तमिळमध्ये म्हणेल, अत्तै, पुरे. म्हणू दे. मी तिसरं पान वाचीनच.

त्या वर्षी माझं अकरावीच्या पुढलं वर्ष संपलं होतं आणि मद्रासच्या एका पॉलिटेक्निकचा फॉर्म मी मागवून घेतला होता. उपकरणं बनवण्या-दुरुस्त करण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. फॉर्मवर पालकांची सही हवी होती. अप्पांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. लग्नाचं म्हणाल तर ते कोणी काढत नव्हतं. आईचं म्हणणं, जाऊ दे की, पोरगी स्क्रू पिळत मोठी झाली, आता तिला संगीत शिकवून काय होणार. अडत होतं ते अप्पांपाशी, आणि का ते त्यांनी सांगितलं नाही. मी चिडले होते, फार चिडले होते. तीन दिवस त्यांना हवा तो स्क्रू मुद्दाम दुसऱ्यांदा मागितल्यावर द्यायचे.

अशात वसंता मॅडम आल्या. पापनाशमच्या रस्त्यावर एक मुलींचं कॉलेज होतं, तिथं त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. उंच, कडक इस्त्रीची साडी, आणि बोलताना समोरच्याचा शब्द पुरा होऊ न देणाऱ्या. त्यांच्या चांगल्यातला चांगला मायक्रोस्कोप आरशावर चालायचा, म्हणजे ऊन असेल तर दिसणार. ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, पावसात महिनाभर आभाळ भरलेलं, मुली नळीला डोळा लावून अंधार बघत बसायच्या. मॅडमना खाली दिवा हवा होता, आणि त्याचा उजेड कमी-जास्त करता यायला हवा होता. अप्पांनी दोन ट्रान्झिस्टरचा रेग्युलेटर केला, चपट्या डब्यात, एबोनाइटच्या पायांवर. पण दिव्याला जागा करायची तर ज्या पाटीवर काचपट्टी ठेवतात, जिला स्टेज म्हणतात, ती उचलावी लागणार होती. म्हणजे पुन्हा पाय. आणि हे पाय साधे नव्हेत, कारण मोठ्या भिंगाखाली केसाएवढी तिरकी पाटीसुद्धा चालत नाही. अर्ध्या गोलात पेशी दिसतात, अर्ध्यात धुकं.

"तीन पाय कर," अप्पा मला म्हणाले. "चार नको. चार असले की डुगडुगतं."

"पण डुगडुगलं म्हणजे एक पाय चुकलाय हे कळतं तरी," मी म्हटलं. "तीन पायांवर चुकलं तर कळणार कसं?"

"चुकायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला." मग कानस खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तिन्ही तू एकटी कर. मी हात लावणार नाही. मॅडमनी पास केलं तर फॉर्मवर सही करतो. नाही केलं तर इथंच बी.ए. कर, आणि मला वेळेवर स्क्रू दे."

फॉर्म पोचायची मुदत विजयादशमीनंतरच्या आठवड्यातली होती. मी लगेच पितळेची सळई कापायला घेतली.

नवरात्र आलं आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आईनं कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांसाठी अप्पांचे सामानाचे सगळे खोके ओढून नेले आणि त्यांवर पांढरी वेष्टी, म्हणजे अप्पांचं धोतर, अंथरून बाहुल्या मांडल्या. वरच्या पायरीवर राम-सीता, खाली मान हलवणारी नाचरी बाहुली, आणि कोणी जरा जोरात चाललं की ती आपली डोलत राहायची. संध्याकाळी बायका यायच्या, कोणी गायचं, कोणी नुसतंच साडी बघायचं, आणि सगळ्यांना सुंडल. सोमवारी चण्याचं, मंगळवारी हिरव्या मुगाचं, वर ओलं खोबरं आणि कैरीचे बारीक तुकडे. मी पुढल्या खोलीत पितळ घासत बसलेली, हाताला तो हिरवट वास, आणि त्याच हातानं सुंडल खायचे. आई म्हणायची, "हात तरी धू की गो, पोटात पितळ जाईल." उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी आणि भात मात्र ती स्वतः कालवून भरवायची, कारण तेवढ्यासाठी मी उठत नव्हते. सोळा-सतरा वर्षांची घोडी, आणि आई घास भरवतेय, आलेल्या बायका हसताहेत. मला काही वाटायचं नाही. खरं सांगते, इतकी सुखी मी नंतर क्वचितच होते.

दोन पाय वाया गेले. एक आखूड झाला, एकाचं भोक वाकडं पडलं. मग हात बसला. जाड काचेवर तिन्ही उभे करायचे, वर दुसरी काच ठेवायची, मागे दिवा धरायचा आणि काचेखालून उजेडाची रेघ डोकावते का पाहायचं. डोकावली की तेवढंच घासायचं, कानशीनं नव्हे, बारीक पॉलिश पेपरवर, आठाच्या आकड्यासारखं फिरवत. अष्टमीच्या दुपारी रेघ गेली. मी अप्पांना बोलावलं. त्यांनी काच या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली, शेवटचा पाय उचलून अंगठ्यानं त्याचं डोकं चाचपलं. "बरं आहे," म्हणाले. आमच्याकडे बरं आहे म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. मी आत जाऊन आईला उचललं होतं, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. सगळी हत्यारं धुऊन पुसून कोलूसमोर मांडायची, चंदन-कुंकू लावायचं, आणि मग दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. पुस्तकही उघडायचं नाही, माझ्या लहानपणीची ही सगळ्यात आवडती सुट्टी. अप्पा देवाधर्मात फारसे नसत, पण ही पूजा ते कोणाला करू देत नसत. सोवळं नेसून, व्हाइसला, कानशींना, लेथच्या मुठीला, अगदी सोल्डरिंगच्या काडीलाही ते एकेक टिळा लावत. माझे तीन पाय त्यांनी ताटलीत मधोमध ठेवले. ते मी दारातून पाहिलं आणि आत पळाले, रडू येईल म्हणून.

विजयादशमीला पूजा झाली की प्रत्येक हत्यारानं थोडं तरी काम करायचं, मुहूर्ताचं. अप्पांनी पहिलं काम हेच घेतलं. वेष्टीच्या टोकानं कुंकू पुसलं, पाय बसवले, स्टेज आवळली, कांद्याचा पापुद्रा लहान भिंगाखाली पाहिला. स्वच्छ. मोठ्या भिंगाचं काम मॅडमच्याच स्लाइडवर पाहू म्हणाले, कारण पायसम निवत होतं आणि आईनं दोनदा हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसनं निघालो, मायक्रोस्कोप चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, मूल किती महिन्यांचं. प्रयोगशाळेत मॅडम वाटच पाहत होत्या. त्यांनी कुठल्याशा देठाची स्लाइड लावली, दिवा लावला, उजेड कमी-जास्त करून पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. मग मोठं भिंग फिरवलं. बराच वेळ पाहत राहिल्या. "डावीकडे छान," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "उजवीकडे काही नाही. धुकं." भिंग खाली-वर केलं. "आता उजवीकडे छान, डावीकडे धुकं."

अप्पांनी पाहिलं. भिंग काढून पुसलं, नळी तपासली, दिवा सरकवला. स्टेज हातानं दाबून पाहिली, ती हूं की चूं करत नव्हती, तीन पायांवर होती ना. शेवटी सरळ उभे राहिले आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "मुक्ता, पाय चुकला बघ." रागावले नव्हते. रागावले असते तर सोसलं असतं. मॅडम घड्याळ पाहून म्हणाल्या, माझा तास आहे, घेऊन जा, नीट करून पुढल्या महिन्यात आणा. पुढल्या महिन्यात म्हणजे माझ्या फॉर्मची मुदत गेल्यावर.

मला त्या काचेखालची अष्टमीची दुपार डोळ्यांसमोर दिसत होती. रेघ नव्हती. मी पाहिलं होतं आणि त्यांनीही पाहिलं होतं. मी मॅडमना म्हटलं, दहा मिनिटं द्या. अप्पांना न विचारता स्क्रू काढले, तिन्ही पाय एकेक घर पुढे सरकवून बसवले आणि पाहिलं. धुक्याची जागा बदलली. आता ते उजवीकडे नव्हतं, माझ्या बाजूला आलं होतं. म्हणजे स्टेजची खोडी नव्हती, नळीची नव्हती, पायांपैकीच एक धुकं बरोबर घेऊन फिरत होता. माझ्या बाजूचा पाय पुन्हा सोडवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डोक्यावर पितळेच्याच रंगाचा एक कडक पापुद्रा. नखानं खरवडला, भुकटी निघाली.

कानशीचा कीस असा निघत नाही. मी बोट नाकाशी नेलं आणि सगळं कळलं. आता पंचाईत ही, की सांगायचं कसं. मॅडम समोर उभ्या, दोन मुली दारात, आणि अप्पांना उभ्या जिल्ह्यात मास्टर म्हणत. मी तो पाय त्यांच्यापुढे धरला आणि मराठीत म्हटलं, "अप्पा, जरा वास घ्या."

त्यांनी वास घेतला. पाय उलटा केला, डोकं पाहिलं, पुन्हा वास घेतला. कुंकू पुसलं होतं, त्याखालचं चंदन वाळून घट्ट झालं होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अप्पा हसताना आवाज करत नसत, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी. "शेवटचा होता," ते म्हणाले. "सगळ्यात चांगला तोच उतरला होता. म्हणून टिळा त्याच्या डोक्यावर लावला. बाकीच्यांना कडेला."

मग मॅडमकडे वळून, तमिळमध्ये, एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. पाय मुलीनं केले, बरोबर केले, चूक माझी, देवापुढे टिळा लावला आणि खालचं चंदन पुसायला विसरलो. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय, असं कधी केलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मी परवा माझ्या स्कूटरच्या दिव्याला चंदन लावलं. रात्री रस्ता दिसेना." मी चंदन साबणानं धुतलं, पाय वाळवला, बसवला, आणि त्या गोलात काठापासून काठापर्यंत पेशी उभ्या राहिल्या, एकीला एक लागून, भिंती स्वच्छ. मॅडमनी तास बुडवला आणि दारातल्या दोन्ही मुलींना आत बोलावून एकेकीला दाखवलं.

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर भाताची शेतं बघत होते. मग म्हणाले, "सही मी आधीच करायला हवी होती. तू गेलीस की दिवसभर त्या खोलीत मी कोणाशी बोलू, एवढंच होतं बघ." मी त्यांचा हात धरला. पितळेचा वास येत होता, दोघांच्याही हातांना. मी बसमध्ये ढसाढसा रडले आणि त्याच कंडक्टरनं, जाताना मुलाचं विचारणाऱ्यानं, या वेळी काही विचारलं नाही.

पुढे मी नोकरीची सगळी वर्षं हेच काम केलं. आता पाय पाकिटात येतात, शंभर-शंभर, नायलॉनचे, पांढरे, मापं छापलेली, कुरियरवाला दारात देऊन जातो. चांगले असतात. उगाच नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "काय झालं?" आणि अप्पांनी आधी फॉर्म मागितला. जमिनीवर बसून, खोक्यावर ठेवून, त्यांनी तो स्वतः इंग्रजीत भरला, सुंदर तिरक्या अक्षरात. नाव, पत्ता, गुण. सही केली, आणि मग वरती एक रकाना रिकामा राहिलाय हे लक्षात आलं, पूर्वीच्या कामाच्या अनुभवाचा. मी म्हटलं, सोडून द्या, मला कसला अनुभव, मी नुसते स्क्रू हातात देत होते. त्यांनी ऐकलं नाही. लिहून झाल्यावर शाईवर फुंकर घालून मला वाचून दाखवलं: चार वर्षं, तंजावूरच्या एका दुकानात. या काळात हिनं मालकाची एक चूक शोधून काढली.

"अप्पा, असं कोणी लिहितं का फॉर्मवर?"

"लिहावं," ते म्हणाले. "बाकीचं ते शिकवतील."